डिस्चार्ज कार्डावर मीठ-पाणीही लिहा

शस्त्रक्रिया होऊन घरी निघालेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा असतात, टाके काढण्याची तारीख असते. पाण्याबद्दल मात्र बहुधा ‘भरपूर प्या’ एवढेच, तेही तोंडी. नाशिकहून सुरगाणा-पेठकडे परतणाऱ्या माणसाला हे पुरत नाही. घरी कोणी सांगते, पाण्याने टाके पिकतात, घोटघोटच घे. दुसरे कोणी अळणी जेवण वाढते आणि वर तांब्यामागून तांब्या पाणी पाजते. माया दोघांचीही खरी, पण हिशेब दोघांचाही चुकलेला.

शस्त्रक्रियेच्या ताणाने शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक, व्हॅसोप्रेसिन, वाढते. वेदना आणि मळमळ त्यात भर घालतात. अशा वेळी नुसत्या पाण्याचा मारा केला तर मूत्रपिंडांना ते लवकर बाहेर टाकता येत नाही आणि रक्तातले सोडियम उतरते. म्हातारा माणूस ग्लानीत असंबद्ध बोलू लागतो आणि घरच्यांना वाटते, भूल अजून उतरली नाही. जुलाब लागलेल्या किंवा लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून पिशवी लावलेल्या रुग्णाचे पाण्याबरोबर मीठही जाते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. ही तूट त्याने भरत नाही. ओआरएसच्या एक लिटर द्रावणात 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, कारण ग्लुकोजच्या जोडीने आतडे सोडियम चटकन शोषते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. मीठ जास्त झाले तरी धोका आहेच. ‘ताकद येईल, एक सलाईन लावा’ असा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी घातलेली दिवसाची मर्यादाच पाच ग्रॅमच्या आत आहे. अशक्त हृदयाच्या रुग्णाला त्या बाटलीने सूज आणि धाप मिळण्याची शक्यता अधिक.

म्हणून कार्डावर रोजच्या पाण्या-मिठाचा रकाना हवा. प्रत्येक शरीर वेगळे, मग छापील आकडा धोक्याचाच, असे डॉक्टर म्हणतील. बरोबर आहे, म्हणूनच आकडा छापू नये. रकाना कोरा ठेवून रुग्णागणिक भरावा. हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णाला कमाल मर्यादा, पिशवीवाल्याला मीठ किती वाढवायचे ते. डॉक्टरांना वेळ नसेल तर त्यांनी आकडा ठरवावा आणि परिचारिकेने तो समजावून द्यावा. वाचता न येणाऱ्याला तांब्या-पेल्याचे माप आणि लघवीचा रंग कळतो. राज्यभरच्या वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालयांचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. असे कार्ड भरायला शिकवण्याची सुरुवात तिथून व्हायला काय हरकत आहे? उन्हाळ्यात मालेगावचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रकान्यातला आकडाही बदलावा लागेल. तो कोणाला विचारून बदलायचा, तो फोन नंबर त्याच कार्डावर हवा.