परंपरा जपायची तर सरकारला आवरा

१८९२ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी एक कायदा केला आणि मोहफुले बाळगण्या-विकण्यावर निर्बंध घातले. डहाणू-तलासरीचा वारली आदिवासी ही फुले चैत्रात पहाटे वेची, अंगणात वाळवी, टंचाईच्या दिवसांत उकडून खाई आणि लग्नकार्याला, देवकार्याला लागणारी दारू त्यांतूनच गाळी. सरकारला त्यात दिसला तो बुडणारा महसूल. १८७८च्या अबकारी कायद्याने दारूचा धंदा ठेकेदारांच्या हाती गेलाच होता. आता आदिवासीच्या घरातली टोपलीही संशयाच्या फेऱ्यात आली. स्वातंत्र्यानंतर महसुलाची जागा सदाचाराने घेतली, एवढाच फरक. १९४९च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरचे नियंत्रण राहिले. फुले गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले ते २०२१ मध्ये. इंग्रज गेले, काँग्रेस आली, युती आली, आघाडी आली. मोहाचे फूल मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे आरोपीच राहिले.

रूढी, देव, कुटुंब आणि गाव यांची चाड असणाऱ्या माणसाने या इतिहासातून एक धडा घ्यायला हवा. जी परंपरा आपल्याला मोलाची वाटते, ती सरकारच्या हवाली करू नये. सरकार परंपरेचे रक्षण करू लागले की तिची नियमावली होते, अर्ज-परवाने येतात आणि त्यामागून झडती घेणारा शिपाई येतो. परंपरावादी आणि व्यक्तिस्वातंत्र्यवादी यांचे जमत नाही, असे आपल्याकडे गृहीत धरतात. पण शेतकऱ्याच्या पाठीवरून सरकारने उतरावे, ही शेतकरी नेते शरद जोशींची मागणी गावगाड्यातूनच आली होती आणि १९९४ मध्ये त्यांनी काढलेल्या पक्षाच्या नावातच ‘स्वतंत्र’ हा शब्द होता. गावाला आपले बरेवाईट कळते, हा विश्वास दोन्ही विचारांच्या मुळाशी आहे.

हा विश्वास भाबडा नाही, याचा पुरावा याच भागात आहे. १९२२च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतून देवीचे वारे निघाले. अंगात देवी आलेली माणसे बोलू लागली आणि हा लोंढा आदिवासी गावांतून दक्षिण गुजरातेपर्यंत गेला. दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, असा देवीचा हुकूम होता. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर सविस्तर पुस्तक लिहिले आहे. गावेच्या गावे दारू सोडून बसली आणि दारूचे दुकान चालवणाऱ्या सावकाराकडे मजुरीला जाणेही कित्येकांनी बंद केले. पुढे अनेकांनी पुन्हा पेला उचलला, हे खरे. पण दारूबंदीच्या कायद्यालाही त्याहून मोठे यश आलेले नाही आणि देवीच्या हुकमामुळे कोणी तुरुंगात गेले नाही की कोणाला हप्ता द्यावा लागला नाही. वारली चित्रांचेही तसेच. लग्नाचा चौक लिहिण्याचा, पालघट देवी मांडण्याचा मान सवाशिणींचा. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी पुरुष असून कुंचला हाती घेतला आणि १९७०च्या दशकात ही रीत बदलली. त्यात हस्तकला मंडळाच्या भास्कर कुलकर्णींचा वाटा मोठा होता, म्हणजे सरकार तिथेही होतेच. पण त्याने कागद दिला आणि गिऱ्हाईक दाखवले. चौकात कोणती देवी मांडायची, हे सांगितले नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो डाव्या मित्रांकडून, आणि डहाणू-तलासरीत त्याला वजन आहे. सरकार दूर होते तेव्हा इथे वेठबिगारी होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको जन्मभर सावकाराकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. मग मोकळीक कोणासाठी मागता? उत्तर असे की त्या काळी सरकार मुळीच दूर नव्हते. सावकाराचा अंगठ्याचा कागद कोर्टात चाले आणि जंगलखात्याचा शिपाई स्वतःही वेठ घेई. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी साम्यवादी कार्यकर्त्या गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारली जमले. फुकट राबणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. पुढे ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांची गोळी चालली ती राबणाऱ्यांवर, आणि जेठ्या गांगड मारला गेला. झेंडा लाल होता, पण आपल्या श्रमाचा धनी मी, ही त्या लढ्यातली मागणी स्वातंत्र्यवादाचा पहिला पाठ आहे. जबरदस्ती मोडून काढणे हे सरकारचे कामच आहे. त्या कामात सरकार दुबळे होते आणि फुले मोजण्यात दक्ष.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गावाला बरेवाईट कळते म्हणता, मग गडचिंचलेचे काय? १६ एप्रिल २०२०च्या रात्री, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातल्या या गावी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले. समुदाय पवित्र असतो, असा माझा दावा नाही. कोणाला भुताळी ठरवून मारणारे गावही गुन्हेगारच असते. पण त्या रात्री पोलीस तिथे हजर होते, हेही विसरू नये. राज्यसंस्था ज्या एका कामासाठी हवी, ते काम म्हणजे निरपराध माणसाचा जीव वाचवणे, आणि ते तिला जमले नाही. सरकारने कमी कामे करावीत, असे म्हणण्यामागे तरी दुसरे काय आहे? हाती घेतलेले हे काम तरी धड व्हावे, एवढेच.

त्या घटनेचे माध्यमांनी जे केले, तेही याच हिशेबात धरावे लागेल. चित्रफीत पसरताच काही वाहिन्यांनी आणि असंख्य मोबाइलांनी मारेकऱ्यांचा धर्म ठरवून टाकला. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि त्यात एकही मुसलमान नसल्याचे सांगितले. तोवर अफवेने घेतलेल्या बळींवर दुसरी अफवा पोसली गेली होती. त्यावर उपाय म्हणून एका संपादकावर राज्याराज्यांत गुन्हे दाखल झाले. हा उपाय रोगाहून वाईट आहे. आज न आवडणाऱ्या संपादकाला दहा ठाण्यांत फिरवायची सोय झाली की उद्या ती आवडत्या संपादकावरही चालते. खोट्याची किंमत बदनामीच्या दाव्यात आणि प्रेक्षकाच्या रिमोटवर मोजली जावी. मंत्रालयाला त्यात जागा नको.

आता श्रद्धेचा प्रश्न, जिथे परंपरावाद्यांची खरी कसोटी आहे. या पट्ट्यात ख्रिस्ती मिशन आहे, कल्याण आश्रमाचे काम आहे, लाल बावटा आहे आणि चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला लोटणारी जत्रा आहे. प्रत्येकाला वाटते की दुसरा आदिवासीला फसवतो आहे. शेजारच्या गुजरातेत २००३च्या कायद्याने धर्मांतर घडवणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आपल्याकडेही तशी मागणी होत आली आहे. फसवणूक आणि धाकदपटशा यांना शिक्षा व्हायलाच हवी, आणि दंडविधानात ती आहे. आमिषाचे काय, असे विचारले जाते. शाळा, दवाखाना आणि धान्य हे आमिष ठरत असेल, तर शाळा, दवाखाना आणि धान्य आपणही द्यावे. वारल्यांच्या लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाते ती कुठल्याही कार्यालयाच्या मंजुरीशिवाय. हिरवा आणि वाघोबा या देवांना आजवर राजाश्रय लागलेला नाही. ज्या श्रद्धेला टिकण्यासाठी दंडाधिकाऱ्याचा शिक्का लागतो, ती आतून पोकळ झालेली असते.

करायचे काय, याचे उत्तर कायद्यात आधीच लिहिलेले आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी, मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियमनाचा अधिकार, सावकारीवर अंकुश आणि आदिवासीची जमीन हातची जाऊ न देण्याचे बळ दिले. महाराष्ट्राने नियम केले २०१४ मध्ये. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे या क्षेत्रात येतात. मोह गाळायचा की दारू बंद करायची, हे देवीच्या भक्तांनी शंभर वर्षांपूर्वी ठरवले तसे ग्रामसभेने ठरवावे. जमीन खुल्या बाजारात सोडावी, असे कट्टर स्वातंत्र्यवादी म्हणेल. तिथे मी परंपरेच्या बाजूने उभा राहतो, कारण जमीन गेली की ग्रामसभाच उरत नाही.

हे सगळे सांगायचे ते विशेषतः आपल्या विचारांचे सरकार आले की निर्धास्त होणाऱ्यांना. डहाणू मतदारसंघाने २०१४ मध्ये भाजपचा आमदार निवडला, २०१९ आणि २०२४ मध्ये माकपचे विनोद निकोले. श्रद्धेवर, फुलांवर, वाहिन्यांवर हुकूम चालवणारी खुर्ची आज तुम्ही घडवाल, तेव्हा तिच्यावर उद्या दुसरा बसणार हे धरूनच घडवा. आणि तो बसलेला चालणार नसेल, तर ती खुर्चीच घडवू नका.