सरासरी हिरवी, लॅपटॉप लालबुंद!

मे महिन्यात अमरावतीत घरून काम करणाऱ्याला दोनच काळज्या. कूलरमधलं पाणी आणि लॅपटॉपचा पंखा. पाणी संपलं की आई ओरडते. पंखा ओरडायला लागला की मात्र आपलं धाबं दणाणतं.

माझ्या लॅपटॉपचं ओरडणं मागच्या उन्हाळ्यात सुरू झालं. म्हटलं, निदान प्रोसेसर किती तापलाय ते डोळ्यांसमोर दिसू दे. डेस्कटॉपवर असं काहीबाही लावायची खोड तशी जुनीच. शाळेत असताना बाबांच्या कॉम्प्युटरवर विस्टा होतं, आठवतंय? उजव्या कडेला ती सीपीयूची डायल, गाडीच्या स्पीडोमीटरसारखी थरथरणारी! ती काम किती चाललंय ते सांगायची, ताप किती चढलाय ते नाही. पुढे २०१२ मध्ये सुरक्षेचं कारण देऊन मायक्रोसॉफ्टनं त्या गॅजेट्सचा गाशाच गुंडाळला. आता त्या जागी रेनमीटर. फुकट, आणि रंग-फॉन्ट-आकार सगळं आपल्या मनासारखं.

फक्त एक आहे. कोअरचं तापमान दाखवायला रेनमीटरला मदतनीस लागतो. मी घेतला कोअर टेम्प. हा छोटा प्रोग्रॅम मागे चालू ठेवायचा, तो प्रोसेसरमधल्या सेन्सरचे आकडे वाचतो आणि रेनमीटरचं प्लगइन ते उचलतं. चार कोअर असतील तर चार मेझर लिहायचे. मोजणी शून्यापासून, म्हणजे चौथ्या कोअरचा नंबर ३. (माझी अर्धी दुपार इथेच गेली!) मग पाचवा मेझर कॅल्कचा... चौघांची बेरीज भागिले चार. झाली सरासरी!

आकडा दर सेकंदाला उड्या मारत होता म्हणून ॲव्हरेजसाइज १० दिला. म्हणजे शेवटच्या दहा आकड्यांची पुन्हा सरासरी. एकदम शांत, सभ्य आकडा. ८५ च्या खाली हिरवा, वर गेला की लाल. काय दिसत होतं म्हणून सांगू! चार मैत्रिणींना स्क्रीनशॉट पाठवले.

आणि मग ती दुपार. क्लायंटला रात्रीपर्यंत फाइल हवी, आणि लॅपटॉप मुंगीच्या पावलानं चाललेला. विजेट म्हणतंय ८२. हिरवं! म्हणजे ताप तर नाही, मग मशीनच म्हातारं झालं असणार. मी नव्या लॅपटॉपचा ईएमआय काढायला बसलेसुद्धा. फ्रीलान्सिंगमध्ये ईएमआय म्हणजे काय ते आपल्यापैकी ज्यांना कळतं त्यांना कळतं.

अकोल्याला माझा मावसभाऊ कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. त्याला फोन केला. तो म्हणे, "ताई, तू ॲव्हरेज काहून पाहून रायली? एकेका कोअरचा आकडा सांग मले."

सांगितले. ७४, ७६, ७९ आणि... ९९.

पलीकडून हसणं. "एक जण मरून रायला, अन् तू चौघांची सरासरी काढून रायली!"

माझं जुनं सॉफ्टवेअर एकाच कोअरला बैलासारखं जुंपत होतं, त्यात चिपवरची थर्मल पेस्ट वाळून गेलेली. अनेक इंटेल चिप्सची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. तेच चाललं होतं. बेरजेत मात्र बाकीच्या तिघांनी त्याला झाकून घेतलं. उरलीसुरली उडी माझ्या दहा आकड्यांच्या सरासरीनं पुसली.

खरं तर वऱ्हाडातल्या माणसाला हे सांगावं लागू नये. दुपारी ४५, पहाटे २९, सरासरी ३७. हे ३७ ऐकून कोण दुपट्टा बांधेल? मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या पुढे गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत चक्क कलम १४४ लावलं होतं. खासगी क्लासेस सकाळी दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. सगळी कसरत दुपार टाळण्यासाठी.

आणि लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो. पुण्याच्या एसी ऑफिसात खोली २४ अंशांवर, माझी दुपारी ४०. तोच लॅपटॉप, तेच काम, तरी इथे साधारण १६ अंश जास्त. त्यामुळे पुण्यातल्या मित्राच्या विजेटशी आपल्या आकड्याची तुलना करून घाबरू नका, आणि निर्धास्तही राहू नका. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवायचा मोहही टाळा. त्या हवेत ओल असते, कधी तुषारही.

भावानं दुसऱ्या दिवशी येऊन मशीन उघडलं. पंख्याच्या जाळीवर धूळ आणि कापसाची बोंडं फुटल्यासारखा पांढरा थर! साफसफाई, नवी पेस्ट, खर्च दीडशे रुपये आणि दोन वेळचा चहा. त्याच कामाला आता सगळ्यात गरम कोअर ८४ वर थांबतो.

विजेटही बदललं. प्लगइनमध्ये मॅक्स टेम्परेचर असा तयार प्रकार आहे, तो सगळ्यात तापलेल्या कोअरचा आकडा देतो. लाल-हिरवा रंग त्यावर ठरतो, आणि त्याला ॲव्हरेजसाइज अजिबात नाही. सरासरी खाली बारीक अक्षरात ठेवलीय. खोली एकूण किती तापवतेय ते तिच्यावरून बरं कळतं.

क्लायंटची फाइल? ती त्या रात्री बाबांच्या कॉम्प्युटरवरून गेली. दीड वाजता.