आरोग्याच्या गोष्टी : सिकलसेल आणि सुनेला लागणारा बोल



विदर्भातील एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. त्यांचा मुलगा तीन वर्षांचा. आठव्या महिन्यात त्याचे हातपाय सुजले, डोळे पिवळे दिसू लागले. घरच्यांनी आधी गंडा बांधला, मग झाडपाला केला. शेवटी सरकारी दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा ‘एसएस’ म्हणजे सिकलसेलग्रस्त असा रिपोर्ट आला. आईचे रक्त तपासले, ती ‘एएस’ म्हणजे वाहक निघाली. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, तुझ्या माहेरचे रक्तच खराब. बाईंनी विचारले आहे, ‘ताई, दोष माझाच का?’

दोष कुणाचाच नाही. पण कारण आहे, आणि ते दोघांकडचे आहे.

आपल्या तांबड्या पेशी गोल व लवचिक असतात आणि सुमारे 120 दिवस जगतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात, दहा-वीस दिवसांतच फुटतात. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, सांधे, पोट असह्य दुखते. ही काही बाहेरची बाधा नव्हे. 1910 साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची नोंद केली.

आता घरातच एक प्रयोग करून पाहा. दोन वाट्या घ्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत चवळीचे दोन दाणे, एक पांढरा, एक लाल. लाल म्हणजे सिकलचा. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा काढा. ही जोडी म्हणजे बाळ. दोन्ही पांढरे आले तर बाळ निरोगी. एक पांढरा, एक लाल आला तर वाहक. दोन्ही लाल आले तरच आजार. दाणे परत टाका आणि पुन्हा काढा. प्रत्येक वेळी चारात एक आजाराची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक निरोगी बाळाची शक्यता राहते. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप, असा हिशेब कुणी मांडू नये. प्रत्येक गरोदरपणात दाणे नव्याने निघतात.

म्हणजे बापाच्या वाटीत लाल दाणा नसता तर या बाळाला हा आजार झालाच नसता. पत्रात लिहिले आहे की पतीने अजून रक्त तपासलेले नाही. हेच आपल्या घराघरांतले दुखणे आहे. तपासायची ती बाई, आणि बोल लागायचा तोही बाईलाच!

वाहक हा रोगी नव्हे. तो शेतात राबतो, कारखान्यात पाळी करतो, त्याला सहसा काही त्रास नसतो. म्हणून तर त्याला आपण वाहक असल्याचा पत्ताही नसतो. विदर्भातील बौद्ध व आदिवासी समाजांत हे प्रमाण जास्त आहे. का, तर जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे वाहकांचा त्यापासून थोडा बचाव झाला आणि ते टिकले. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही हेच घडले. यात जातीचे हीनपण नाही आणि मागल्या जन्मीचे पाप तर नाहीच. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आहे. तरीही आजारी लेकराच्या उशाशी बसून आपण तेच बोलतो.

आजारी मुलाची काळजी अशी घ्यावी. भरपूर पाणी पाजावे, उन्हात व कडाक्याच्या थंडीत जपावे, लसी चुकवू नयेत. फॉलिक ॲसिडची गोळी रोज द्यावी. लोहाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, उद्यावर ढकलू नये. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्राची चौकशी करावी.

आपल्याकडे सोयरीक जुळवताना पत्रिका पाहत नाहीत, हे फार चांगले. मग बोलणी सुरू होताच दोघांचे रक्त तपासायला काय हरकत आहे? बोटातून थेंबभर रक्त काढून पहिली चाचणी होते, शंका आली तर पुढची पक्की तपासणी. 1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरली आहे. आशाताईंना विचारा. एक वाहक व दुसरा निरोगी असेल तर लग्न खुशाल करावे, मुलांना आजार होत नाही. वाहक मुलगी म्हणून साक्षगंध मोडणे हा निव्वळ अडाणीपणा.

आता पत्रलेखिकेचा दुसरा प्रश्न. आणखी मूल होऊ द्यावे का? आधी पतीची तपासणी करून घ्या. दिवस राहिल्यास दहाव्या ते बाराव्या आठवड्यात मोठ्या रुग्णालयात गर्भाची तपासणी होऊ शकते, म्हणून लवकर नाव नोंदवावे. पुढचा निर्णय तुम्हा दोघांचा, सासूबाईंचा नव्हे.

आणि पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे की धाकट्या नणंदेचे साक्षगंध पुढच्या महिन्यात आहे. भाऊ वाहक असला तर बहिणीची तपासणीही व्हायलाच हवी. अजून महिना हातात आहे.