डोंबिवलीहून ४० जण ताजमहालला? आधी वार बघा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘यंदा ताज’ ठरतं आणि गाडी अडते रेल्वे तिकिटावर. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. त्यामुळे नावं, वयं, पैसे त्या सकाळी ८ च्या आधीच जमलेले हवेत. ऑनलाइन एका तिकिटावर ६ प्रवासी, म्हणजे ४० जणांची किमान ७ तिकिटं. ऑक्टोबर २०२५ पासून ऑनलाइन बुकिंगची सुरुवातीची वेळ आधार पडताळलेल्या खात्यांसाठीच राखीव आहे. सगळं एकाच काकांच्या मोबाइलवर सोडणं धोक्याचं.

पण मोठा फटका बसतो वाराचा. ताज शुक्रवारी बंद असतो. पंजाब मेल कल्याणहून रात्री निघते आणि आग्र्याला दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर पोहोचते. बुधवारी निघालेले गुरुवारी उतरतात, सामान ठेवेपर्यंत सूर्यास्त होतो (ताज त्याच्या अर्धा तास आधीच बंद होतो) आणि शुक्रवार हॉटेलात जातो. गुरुवारी निघालं तर शनिवारी पहाटेच आत जाता येतं. भारतीयांना प्रवेश ५० रुपये, मुख्य मकबऱ्याचे २०० वेगळे. १५ वर्षांखालील मुलांना फुकट.