पद, धंदा आणि सबमिशन

कॉलेजात एखादं पद सांभाळत बाजूला स्वतःचा छोटासा धंदाही चालवणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. तुम्ही आता थोडेथोडके राहिलेला नाहीत. इन्स्टाग्रामवर केकच्या ऑर्डरी घेणारी सीआर, टी-शर्ट छापून देणारा जीएस, लग्नांचे फोटो काढणारा एनएसएसचा गटप्रमुख, गणपतीत सजावटीची कामं उचलणारी कल्चरलची पोरं, असे सगळीकडे दिसतात. घरचे म्हणतात, आधी डिग्री हातात येऊ दे. सर म्हणतात, हजेरी कुठे आहे? तुम्ही दोघांनाही एकच उत्तर देता, 'मॅनेज करतो.'

ते मॅनेज होत नाही, कारण तुम्ही दिवसाचे तास मोजता. खरी अडचण हंगामाची आहे. गॅदरिंग आणि क्रीडा महोत्सव हिवाळ्यात येतात, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिरही बहुधा त्याच सुमारास असतं, आणि लग्नाचे मुहूर्तही नेमके तेव्हाच दाटीवाटीने येतात. दिवाळीच्या फराळाच्या, पणत्यांच्या, आकाशकंदिलांच्या ऑर्डरी सेमिस्टरच्या परीक्षेला येऊन भिडतात. पहाटे पाचला उठण्याचा संकल्प इथे कामाला येत नाही. जूनमध्येच भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवा आणि त्यात परीक्षा, सबमिशन, गॅदरिंग, सण आणि मुहूर्त अशा सगळ्या तारखांवर खुणा करा. जिथे तीन खुणा एकाच आठवड्यात पडतील तिथे काय सोडायचं, ते तेव्हाच ठरवा. ऐन वेळी ठरवाल तर सोडला जातो तो अभ्यास, कारण तेवढाच एक फोन करून ओरडत नाही.

ऑर्डर नाकारायला भिऊ नका. 'डिसेंबरात एवढेच केक, पुढच्या ऑर्डरी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून' असं आधीच जाहीर केलंत तर गिऱ्हाईक तुटत नाही. कबूल करून दिलं नाही तर नक्की तुटतं. दुपारी शटर ओढून झोपणारी पुण्यातली दुकानं पिढ्यानपिढ्या चालली आहेत, एवढं लक्षात ठेवा.

पदाची मुदत वर्षभराची असते. धंदा नीट चालला तर त्याला मुदतच नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पद एकच घ्या, एकदाच घ्या, आणि शक्यतो शेवटच्या वर्षी घेऊ नका. मधल्या एखाद्या वर्षी घेतलंत तर पुढे प्रोजेक्टला, नोकरीच्या मुलाखतींना किंवा धंदा वाढवायला वर्ष मोकळं राहतं. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ साली पदाधिकारी म्हणून निवडणूक लढवायची संधी एकदाच मिळावी, उमेदवाराचे विषय राहिलेले नसावेत आणि हजेरी किमान ७५ टक्के असावी, असं सुचवलं होतं. तुमच्या कॉलेजात निवडणूक होत असो वा नसो, स्वतःला हेच निकष लावून बघा. तीन समित्या, दोन क्लब आणि एक धंदा म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. मुलाखत घेणारा 'काय होतास' एवढ्यावर थांबत नाही, 'काय केलंस' हे विचारतोच.

ज्यांची फी त्या धंद्यातूनच निघते, त्यांना मात्र हे सगळं लागू नाही. त्यांनी पद खुशाल सोडावं, मनाला काही लावून घेऊ नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं ते कमवा आणि शिका याच तत्त्वावर. कमावत शिकणं आपल्याकडे नवं नाही, आणि कमीपणाचं तर नाहीच.

आता पैशाविषयी. वेळ चुकला तर केटी लागते, पैसा चुकला तर नाव जातं.

गॅदरिंगच्या टी-शर्टांचे पैसे जीएसच्या स्वतःच्या जीपेवर गोळा होतात, ही पद्धत बहुतेक ठिकाणी इतकी रुळली आहे की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्याच खात्यावर त्याच्या धंद्याचे पैसेही येत असतील, तर महिनाभराने त्याचं त्यालाच सांगता येत नाही की कुठला रुपया कुणाचा. त्यातून कापडवाल्याचा अ‍ॅडव्हान्स दिला गेला की झालं. चोरी करायचा विचारही मनात नव्हता, पण हिशेब मागितल्यावर ते कोण ऐकतं? वर्गणी कॉलेजच्या खात्यातच जमा करा, पावती द्या, आणि धंद्यासाठी बँकेत वेगळं खातं काढा.

त्याहून अवघड प्रश्न असतो तो स्वतःच्याच धंद्याला ऑर्डर देण्याचा. तुमचा दर खरोखर सगळ्यांत कमी असेल आणि कामही चांगलं असेल, तरी निर्णय तुम्ही घेऊ नका. हा धंदा माझा आहे, असं समितीपुढे उघड सांगा, निदान तीन कोटेशनं मागवू द्या आणि ती उघडताना बाहेर बसा. तरीही कुजबुज होणार असं वाटलं, तर त्या वर्षी ती ऑर्डर घेऊच नका. कॉलेजसाठी स्पॉन्सरशिप मागायला ज्या दुकानात गेलात, तिथे त्याच बैठकीत आपलं कार्ड पुढे सरकवू नका. आणि ज्युनिअर पोरांना समितीचं काम म्हणून बोलावून आपली पार्सलं बांधायला बसवू नका. हे होतं, आणि ती पोरं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

सवलती मागायच्या असतील तर वेळेवर मागा. केंद्र सरकारच्या २०१९च्या नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणात, शिकता शिकता स्टार्टअप चालवणाऱ्यांना संस्थेच्या परवानगीने हजेरीत सूट देण्याची, वेळप्रसंगी सेमिस्टरची किंवा वर्षाची सुट्टी देण्याची तरतूद आहे. पण देणं न देणं संस्थेच्या हातात असतं. टर्म सुरू होतानाच विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या. डिफॉल्टरांच्या यादीत नाव लागल्यावर स्टार्टअपचं कारण सांगितलं की ते बहाणाच वाटतं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. अकरावी-बारावीतल्या मुलांनी एवढं ध्यानात ठेवावं, की अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी केलेला करार कायद्याने टिकत नाही. तोवर व्यवहार पालकांच्या नावाने झालेला बरा.

हे सगळं करूनही दोन्ही झेपत नाही असं दिसलं, तर एक सोडा. पद सोडायचं असेल तर गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यात फोन बंद करून नाहीसे होऊ नका. जुलै-ऑगस्टमध्येच सांगा, हिशेबाची वही, दुकानदारांचे नंबर आणि अर्धवट कामांची यादी पुढच्याच्या हातात द्या, आणि त्याची सही घ्या.