टोपणनावाची करामत



तुमच्या वर्गात असं कुणी आहे का, ज्याला उत्तर येतं पण हात काही वर होत नाही? आमच्या माजलगावात मला अशी मुलं दरवर्षी भेटतात. "येत होतं ना, मग बोलला का नाहीस?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, चुकलं तर पोरं हसतेत!"

आज एका मोठ्या माणसाची गंमत सांगतो. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते नारायण विनायक जगताप. मग कळलं, की हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर! ज.वि.ना. उलटं वाचा, ना.वि.ज. होतं ना? अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नीने लिहून काढली होती. परीक्षकांनी नाव बघून नव्हे, तर कथा वाचून निकाल द्यावा, एवढीच इच्छा.

हेच जयंतराव लहानपणी काशीला राहत. गणित शिकायला आलेले मोरूमामा घरातल्या फळ्यावर खास भाच्यासाठी अवघड गणित लिहून ठेवत. सुटेपर्यंत ते तिथंच राही. ना गुण, ना छडी, ना कुणी हसणारं.

मी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. दर शनिवारी फळ्यावर एक कोडं. प्रत्येकाने टोपणनाव नि एक चित्र निवडायचं आणि उत्तर माझ्या मोबाइलवर पाठवायचं. कोण कोण आहे ते फक्त मला ठाऊक. संगणकाच्या दुनियेत अशा चित्ररूपाला 'अवतार' म्हणतात. शब्द आपलाच बरं का, परदेश फिरून आलेला!

पहिलं कोडं होतं : 10 जणांनी एकमेकांशी एकदाच हात मिळवला, तर किती वेळा हात मिळाले? 'सिंदफणा' नावाने उत्तर आलं, "पहिला 9 जणांशी, दुसरा उरलेल्या 8 जणांशी, असं करत 45." सगळा वर्ग सिंदफणाला शोधू लागला. 'हजर' याशिवाय जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, त्या शेवटच्या ओळीतल्या मुलीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

दिवाळीनंतर ती आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली. जागा रिकामी झाली. मला वाटलं, संपलं. पण शनिवारी रात्री वडिलांच्या फोनवरून नदीचं चित्र चमकलं, "सर, कोडं?" पट्टा पडल्यावर ती परत आली आणि एके दिवशी आपणहून उभी राहिली, "सिंदफणा मीच हाय." कुणीही हसलं नाही.

पालकहो, टोपणनाव म्हणजे पोहायला शिकताना कमरेला बांधलेला भोपळा. हात-पाय चालू लागले की तो सोडायचा असतो. आणि इंटरनेटवर पलीकडचा माणूसही मुखवटा घालून बसलेला असू शकतो. म्हणून मुलाच्या अवताराची माहिती घरातल्या किंवा शाळेतल्या एका तरी विश्वासू मोठ्या माणसाला हवीच.

मुलांनो, आता तुमची पाळी. 10 ऐवजी 25 जण असले तर? उत्तर काढा, खाली झकास टोपणनाव लिहा आणि आधी आईला दाखवा!