म्युनिकमध्ये आधी लगीन पत्त्याचे!

जर्मनीतील विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्या सुमारास मुंबईहून निघणाऱ्या विमानांत पाठीवर सॅक, हातात कागदपत्रांची फाइल आणि बॅगेत आईने बांधून दिलेला गोडा मसाला घेऊन निघालेल्या मराठी मुलामुलींची संख्या गेल्या काही वर्षांत लक्षणीयरीत्या वाढली आहे. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात भारतीय विद्यार्थ्यांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत पहिले स्थान मिळवले. २०२३-२४ मध्ये त्यांची संख्या ४९ हजार ४८३ होती, ती पुढच्या वर्षी ५९ हजारांच्या घरात गेली. पुण्याला या ओघाचे नवल वाटण्याचे कारण नाही. चाकणच्या पट्ट्यात मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे कारखाने आहेत, मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे आणि ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य आता घरोघरी पोहोचले आहे.

ते वाक्य पूर्णपणे खोटे नाही. मात्र ते जेवढे सांगते त्याहून अधिक लपवते आणि ते काय लपवते हे बव्हेरियाची राजधानी म्युनिकइतके स्पष्टपणे दुसरे कोणतेही शहर दाखवत नाही. या शहरात प्रवेशपत्र मिळवणे अवघड आहेच. पण ज्यावर नाव नोंदवता येईल असा पत्ता मिळवणे त्याहून अवघड आहे. आणि पत्त्यावाचून त्या प्रवेशपत्राचा उपयोग फार थोडा उरतो.

एका कागदाची साखळी

जर्मनीत राहायला आलेल्या प्रत्येकाने घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात आपल्या पत्त्याची नोंद करावी, असा कायदा आहे. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी भाडेकरार पुरेसा होत नाही. ‘ही व्यक्ती माझ्या जागेत अमुक तारखेपासून राहते’ असे घरमालकाचे स्वाक्षरीचे वेगळे पत्र लागते. नोंदणी झाल्यावर पोस्टाने करक्रमांक येतो. अनेक बँका खाते उघडण्यासाठी नोंदणीचा दाखला मागतात. पालकांनी भारतातून भरलेली निर्वाहाची रक्कम दरमहा त्या खात्यात जमा होते. आरोग्य विम्याचे कार्ड त्याच पत्त्यावर येते आणि व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी जो निवासपरवाना घ्यावा लागतो, त्याचा अर्जही त्या शहराच्या परदेशी नागरिक विभागाकडे करावा लागतो.

थोडक्यात, पहिली कडी निसटली की पुढची साखळी अडते. मित्राच्या खोलीत गादी टाकून दोन महिने काढणारा विद्यार्थी वर्गात बसू शकतो, परंतु सरकारदरबारी तो अधांतरीच असतो. म्हणूनच राहण्याची तात्पुरती सोय करतानाही ‘येथे नोंदणी करता येईल का?’ हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारायला हवा. सुट्टीवर जाणाऱ्याची खोली काही महिन्यांसाठी घेण्याची पद्धत तेथे रूढ आहे; मात्र मूळ घरमालकाची संमती आणि त्याचे पत्र नसेल तर ती सोय धर्मशाळेहून वेगळी ठरत नाही. पैसे घेऊन केवळ कागदोपत्री पत्ता देणारेही भेटतात. अशी खोटी नोंदणी हा गुन्हा असून पत्ता देणाऱ्याला ५० हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याचे शहरातील वास्तव्यच परवान्यावर अवलंबून आहे, त्याने या वाटेला जाऊच नये.

९९२ युरोंचे गणित

व्हिसासाठी विद्यार्थ्याने ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खात्यात वर्षाचे ११ हजार ९०४ युरो आधीच भरून ठेवावे लागतात. रुपयांत ही रक्कम १२ लाखांच्या आसपास जाते. त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेला हा आकडा जर्मन विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षणसाहाय्याच्या कमाल रकमेवरून घेतलेला आहे आणि त्या साहाय्यात घरभाड्यासाठी धरलेला वाटा आहे अवघा ३८० युरोंचा.

म्युनिकमध्ये सामायिक सदनिकेतील एका खोलीचे सरासरी भाडे २०२५ मध्ये ८०० युरोंच्या घरात होते. तिशीच्या आतील विद्यार्थ्याच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता महिन्याला सुमारे १४५ युरो. ९९२ मधून हे दोन खर्च वजा केले तर हाती ४७ युरो उरतात. त्यात महिन्याचा किराणा, फोन, प्रवास आणि डिसेंबरच्या थंडीतला कोट बसवायचा! उलट विद्यार्थी कल्याण संस्थेच्या वसतिगृहात खोली मिळाली तर हेच ९९२ युरो काटकसरीने पुरतात. म्हणजे एका खोलीवरून शिक्षण परवडेल की नाही हे ठरते.

पहिल्या महिन्याचे चित्र याहून कठीण असते. जर्मनीत भाड्याचे दोन भाग असतात. निव्वळ जागेचे ते ‘थंड भाडे’. त्यात हीटिंग, पाणी, सफाई धरली की ते ‘गरम भाडे’ होते. घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी अनामत मागू शकतो. ८०० युरोंच्या खोलीचे थंड भाडे ६५० धरले, तरी अनामत १ हजार ९५० युरो होते. ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने दिला आहे. फार थोड्या नवागतांना तो ठाऊक असतो. मात्र हप्ता पाडून घेतला तरी पहिल्या महिन्यात १ हजार ४५० युरो लागतातच, आणि खात्यातून निघतात ९९२. त्यामुळे ब्लॉक्ड अकाउंटच्या पलीकडे दोन ते तीन हजार युरो हाताशी असणे ही चैन नव्हे, गरज आहे. शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरताना ही रक्कम बहुधा धरलीच जात नाही.

शिक्षण फुकट असल्याच्या समजाचीही येथे फेरतपासणी करायला हवी. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले असून पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ते बहुतांशी दर सत्राला ४ ते ६ हजार युरो आहे. त्याच शहरातील लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठात मात्र असे शुल्क नाही.

टंचाई आणि तिचे व्यापारी

ही टंचाई आजची नाही. बीएमडब्ल्यू आणि सीमेन्सची मुख्यालये असलेल्या, सुमारे १५ लाख वस्तीच्या या शहरात भरपूर पगाराचे नोकरदार आणि लाखाहून अधिक विद्यार्थी एकाच बाजारात घर शोधतात. १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या खेळाडूंच्या वसाहतीचा एक भाग आज विद्यार्थ्यांचे निवासस्थान आहे, तेथील छोट्या बंगल्यांसाठी रांग लागते. शहराच्या उत्तरेकडील ‘श्टुडेंटनश्टाड्ट’ ही तर देशातील मोठ्या विद्यार्थी वसाहतींपैकी एक. २०२१ मध्ये तेथील एका उंच इमारतीला आग लागली आणि त्यानंतर दुरुस्तीअभावी वसाहतीतील मोठ्या संख्येने खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. घराअभावी विद्यार्थी वणवण करीत असताना हे घडले, ही विसंगती बोलकी आहे.

त्यात भर मुहूर्ताची. जगप्रसिद्ध ऑक्टोबरफेस्ट सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन ऑक्टोबरच्या आरंभी संपतो. नेमक्या याच पंधरवड्यात नवे विद्यार्थी शहरात उतरतात आणि हॉस्टेल, हॉटेलांचे दर गगनाला भिडलेले असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पोहोचणे किंवा हे दिवस आउग्सबुर्गसारख्या जवळच्या शहरात काढणे हा यावर साधा उपाय आहे.

जेथे टंचाई तेथे ठक. म्युनिकमध्ये मध्यवर्ती भागात प्रशस्त खोली, भाडे आश्चर्यकारक कमी, घरमालक ‘सध्या परदेशात’ आणि अनामत पाठवली की किल्ली कुरिअरने येणार, हा फसवणुकीचा ठरीव साचा आहे. भारतात बसून घर शोधणारा विद्यार्थी त्याचे सोपे सावज ठरतो. खोली स्वतः किंवा विश्वासातील माणसाने पाहिल्याशिवाय आणि करारावर स्वाक्षरी झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. पारपत्राची प्रत कोणालाही सहजी देऊ नये. वसतिगृहाचा अर्ज मात्र संस्थेच्या नियमांनुसार शक्य तितक्या लवकर करावा. प्रतीक्षा एका सत्राची असू शकते, अनेक सत्रांचीही.

खोली शहरातच हवी हा आग्रहही सोडावा. टेक्निकल युनिव्हर्सिटीचे बरेचसे अभियांत्रिकी विभाग गार्चिंगला आहेत आणि ‘यू-६’ ही भुयारी रेल्वे तेथपर्यंत जाते. देशभरच्या स्थानिक व प्रादेशिक गाड्यांना चालणारे ‘डॉइचलँड तिकीट’ जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरोंना झाले असले, तरी बव्हेरियातील विद्यार्थ्यांना ते सवलतीत मिळते. तासाभराचा प्रवास आणि दोनशे युरोंची बचत यांचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्यांना तो सांगायला नको.

दारावरचे नाव

घर मिळाल्यावरही एक बारीकशी गोष्ट अनेकांना महागात पडते. जर्मनीत पत्त्यात सहसा सदनिकेचा क्रमांक नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचे आडनाव पाहून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जाते. बँकेचे कार्ड, करक्रमांक, परवान्याच्या भेटीची तारीख या साऱ्या गोष्टी अशा रीतीने हरवू शकतात. तेव्हा किल्ली हाती येताच पहिले काम पत्रपेटीवर आपले नाव लावण्याचे. नोंदणीनंतर सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीच्या शुल्काचे पत्रही येते. महिना १८.३६ युरोंचे हे शुल्क दर घरामागे एकदाच असते, म्हणून सामायिक सदनिकेत ते वाटून घेता येते. पत्र फेकून दिल्यास मात्र थकबाकी वाढत जाते.

शेजारधर्माचेही काही नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते. रविवारी दुकाने बंद असतात आणि बव्हेरियात एरवीही ती सहसा रात्री आठला मिटतात. कचऱ्याचे वर्गीकरण काटेकोर असते. हे नियम किरकोळ वाटतात. पण सहनिवासी आणि घरमालक यांचे मत त्यांवरच बनते आणि पुढची खोली मिळवताना त्याच घरमालकाची शिफारस कामी येते.

नोकरी हा उतारा नव्हे

‘तिथे काम करून भागेल’ ही समजूतही तपासून पाहावी. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे आणि जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. आकडे आशादायक आहेत. परंतु अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी दुकान, उपाहारगृह वा गोदामातील काम जर्मनवाचून अडते आणि पहिल्या सत्रात अभ्यासाचा ताण असतो तो वेगळाच. मर्यादेपलीकडे काम केल्यास निवासपरवाना धोक्यात येतो. कमाईला जोड मानावे, पाया मानू नये. पुण्यात वा नागपुरात असतानाच जर्मनची एखादी पायरी अधिक चढणे हीच खरी पूर्वतयारी. घर पाहायला गेल्यावर घरमालकाशी चार वाक्ये बोलता येणे अनेकदा बँकेच्या कागदाहून वजनदार ठरते.

जबाबदारी कोणाची?

जर्मनीला कुशल मनुष्यबळ हवे आहे, हे त्या देशाने लपवलेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयीचा करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा झाली. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने राहण्याची मुभाही आहे. तरुण हवेत, तर त्यांना छप्पर देण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके ठोस नाही. विद्यार्थी व प्रशिक्षणार्थींच्या घरांसाठी संघराज्य सरकार २०२३ पासून वर्षाला ५० कोटी युरो राज्यांना देते, पण इमारती उभ्या राहायला वर्षे लागतात आणि विद्यार्थी दर सहा महिन्यांनी येतात.

देशभर एकच ९९२ चा आकडा ठेवण्यातच मूळ दोष आहे. चेम्निट्झ किंवा मॅग्डेबर्गसारख्या पूर्वेकडील शहरांत म्युनिकच्या निम्म्याहून कमी भाड्यात खोली मिळते. तेथे हा आकडा वास्तव आहे, म्युनिकमध्ये तो कल्पित आहे. व्हिसा देणारी यंत्रणा खात्यात पैसे आहेत का हे तपासते, पण त्या पैशांत त्या शहरात राहता येईल का, हे पाहणे विद्यार्थ्यावर सोडते.

तेव्हा हा प्रश्न पालकांनी आणि विद्यार्थ्यांनीच विचारायला हवा, तोही प्रवेश स्वीकारण्यापूर्वी. विद्यापीठांची क्रमवारी पाहताना शेजारी त्या शहरातील खोलीचे भाडे आणि वसतिगृहाची प्रतीक्षा लिहून काढली, तर निवड कदाचित बदलेल. बदलली नाही, तरी ती डोळसपणे केलेली असेल. तानाजीने आधी लगीन कोंढाण्याचे म्हटले होते. म्युनिकला निघालेल्याने आधी लगीन पत्त्याचे म्हणावे. पदवीचे मग निर्विघ्न पार पडेल.